पाठमोरे तुपे काका

आमच्या कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये महिन्यातून दोन-तीनदा एक गृहस्थ शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखे उभे दिसतात. तोंड काचेच्या दाराकडे, हात पाठीमागे बांधलेले, नजर सरळ रस्त्यापलीकडच्या पंक्चरच्या दुकानावर. त्यांच्या मागे, मशीनसमोर, त्यांची बायको असते. चुलीला वारा लागू नये म्हणून आडोसा धरतात तसा तिनं पदर बटणांवर धरलेला असतो. ती सांगेपर्यंत हे वळत नाहीत. बाहेरून कुणी काचेवर टकटक केली, ओळखीच्या माणसानं हात केला, तरी मान हलत नाही.

हे आमचे रंगनाथराव तुपे, कॉलनीचे तुपे काका. लग्नाला उभा जन्म झाला, मुलगी नोकरीला लागली, डोक्यावरचे केस गेले, पण बायकोच्या डेबिट कार्डाचा चार आकडी पिन या माणसाला माहीत नाही. कुणी सांगायला गेलं तर कानावर हात ठेवून बाजूला होतील.

एटीएमच्या दारावर 'एका वेळी एकच व्यक्ती' अशी पाटी आहे. तिथल्या वॉचमननं एकदा ती दाखवली, तर काका म्हणाले, "पैसे काढायला एकच गेलंय. मी कुठं मशीनकडं बघतोय?" वॉचमन परत आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं तेव्हा मी चिडले होते. नवरा-बायकोत एवढा संशय असेल तर संसार तरी कशाला करावा, असं मी मकरंदला म्हणाले. मकरंद म्हणजे माझा नवरा; त्याचा विषय पुढे येणारच आहे. मी स्वतः पाटबंधारे खात्यात नोकरीला. दुष्काळात तुमच्या खात्याला काम काय असतं, असं कॉलनीतल्या प्रत्येकानं मला एकदा तरी विचारून झालेलं आहे, तेव्हा तुम्ही तेवढं विचारू नका.

तुपे काका मूळचे फुलंब्रीकडचे. वाळूजच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि बजाजनगरात दोन खोल्यांत त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर सातारा परिसरात आमच्या शेजारचं रो-हाऊस घेतलं. शहराचं नाव तेव्हा अजून बदललं नव्हतं, पण बाकी सगळं भराभर बदलत होतं. ज्वारीच्या रानात प्लॉटचे दगड रोवले जात होते, दगडांच्या जागी बंगले येत होते, आणि बंगल्यांत नळ होते पण नळांना पाणी नव्हतं. आमचा सगळा कारभार टँकरवर. टँकर आला की पाटबंधारे खात्याची कर्मचारी म्हणजे मी, हातात पाईप घेऊन रांगेत सगळ्यात पुढे असायची.

काका नोकरीतून निवृत्त झाले, स्टोअरमधून नाही. त्यांच्याकडे पाना मागायला जा, "स्लिप हाय का?" असं आधी विचारणार. मग हसून देणार, पण संध्याकाळी तो परत आला की नाही हे बघायला स्वतः दारात हजर. स्टोअरचा एक नियम ते मंत्रासारखा सांगत. माल ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे सहीचा अधिकार नसतो. आणि सही ज्याची, त्याच्या हातात माल नसतो. दोन्ही एका माणसाकडे गेलं की तो माणूस देव असला तरी एक दिवस स्टोअर रिकामं होतं.

हाच नियम त्यांनी घरी लावला होता. कार्ड काकांच्या बंडीच्या आतल्या खिशात, चेनला बारीक कुलूप घालायचं तेवढं बाकी. आकडा काकूंच्या डोक्यात. पैसे काढायचे तर दोघांनी स्कूटरवर बसून जायचं. मला हे फार गमतीशीर वाटे, आणि थोडं क्रूरसुद्धा. मग एका दुपारी काकूंनी पापड लाटता लाटता मला त्यातली खरी गोष्ट सांगितली.

काकूंचं माहेर शेंद्र्याचं. वडिलांनी मरायच्या आधी थोडी जमीन लेकीच्या नावावर करून ठेवली होती. आमच्याकडे बहिणींनी हक्क सोडल्याची सही करायची आणि भावाकडून साडी-चोळी घेऊन परत यायचं, अशीच रीत. या बापानं ती मोडली. पुढे औद्योगिक वसाहतीत ती जमीन गेली आणि मोबदला काकूंच्या नावावर आला. काकांनी मोठी रक्कम ठेवीत टाकायला लावली, दोघांचं मिळून एक बचत खातं काढलं, पण कार्ड मागवलं ते फक्त काकूंच्या नावाचं.

बँकेतली तरुण मुलगी बंद पाकीट काकूंच्या हातात देऊन म्हणाली, "काकू, हा नंबर कुणालाही सांगायचा नाही. नवऱ्यालाही नाही." काकू लाजून हसल्या. काका मात्र हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठले, चपला घातल्या आणि काकूंनी पाकीट फोडून, नंबर बदलून घेऊन, कागदाचे तुकडे करेपर्यंत बँकेबाहेरच्या रसवंतीत जाऊन बसले. चौथीपर्यंत शिकलेल्या काकू मशीनसमोर उभ्या राहून घामाघूम झाल्या होत्या. काचेतून नवऱ्याला हातानं बोलावत होत्या. नवरा रस पीत होता.

"लई राग आला होता मला," काकू म्हणाल्या. "पण मंग त्या पोरीनं शिकवलं आन् मी केलं. आता बघ, माझं काय हाय असं? घर यांचं, पोरगी दोघांची, दागिना उद्या पोरीला जायचा. हा एकच आकडा हाय, जो माझा एकटीचा. यांनासुदिक ठाऊक नाय."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते बघून मी माझा सगळा राग गिळला. त्या दिवसापासून मी तुपे काकांची चाहती झाले, आणि अजून आहे.

चाहती असणं सोपं नव्हतं. काका कार्डाच्या बाबतीत एवढे कडक की सोबत जायची लाज वाटावी. एटीएममध्ये गेले की आधी मशीनची तपासणी. कार्ड घालायची फट हातानं हलवून बघणार, त्यावर काही चिकटवलंय का. बटणांच्या वर वाकून बघणार, एखादा बारका कॅमेरा लपवलाय का. नवीन माणसाला वाटे, म्हातारा मशीन उपटतोय. "माल तपासल्याबिगर ताब्यात घ्यायचा नसतो," हे त्यांचं उत्तर. मागे उभा असलेला कुणी मदत करायला पुढे आला तर त्याचे आभार मानून त्याला दाराबाहेर नेऊन सोडत.

मीराला, म्हणजे त्यांच्या मुलीला, पुण्यात नोकरी लागली तेव्हा काकांनी आम्हाला जालना रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला नेलं. जेवण झालं, बिल आलं. वेटरनं कार्ड घेतलं आणि तो काउंटरकडे निघाला. काका ताडकन उठले. गळ्याला खोचलेला रुमाल तसाच, हाताला वरणभात तसाच, पण ते वेटरच्या मागे. आकडा दाबायला लागणार म्हणून त्यांच्या मागे काकू. आजी-आजोबा कुठे चालले म्हणून त्यांच्या मागे माझी धाकटी लेक. आणि तिला धरायला मी. अशी आमची मिरवणूक सगळ्या हॉटेलातून गेली. काउंटरवर पोचल्यावर काका वेटरला शांतपणे म्हणाले, "बाबा, तुझ्यावर संशय नाय. पण कार्ड नजरेआड झालं की ते कार्ड ऱ्हात नाय." मग मशीन काकूंसमोर आलं आणि काका गर्रकन फिरले. फिरल्यावर तोंडासमोर आली ती दुसऱ्या टेबलावरची माणसं. काका त्यांना "जेवा, जेवा" म्हणत राहिले.

आता मकरंद. माझा नवरा इंजिनिअर आहे, आणि इंजिनिअरच्या आत्मविश्वासानं तो वाटेल तिथे वाटेल ते बोलतो. एकदा गच्चीत उभा राहून तो फोनवर आपल्या भावाला ऑनलाइन खरेदीचा ओटीपी मोठमोठ्यानं सांगत होता. खालच्या अंगणातून आवाज आला, "साहेब, आम्हाला बी आला ऐकू. कार्डामागचा आकडाबी सांगून टाका, म्हंजे कॉलनीचं एकदाचं काम होईल." मकरंद लाल झाला. पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. संध्याकाळी येऊन बसले आणि त्यांनी त्याच्या कार्डाची रोजची मर्यादा कमी करायला लावली, खर्चाचे मेसेज सुरू आहेत ना ते बघितलं, आणि सगळा पगार ज्या खात्यात पडून असे ते खातं कार्डापासून तोडायला लावलं.

"हौद वेगळा, ड्रम वेगळा," ते म्हणाले. "तोटी ड्रमाला लावायची, हौदाला नाय. तोटी गळाली तर ड्रमभर पाणी जाईल. हौद शाबूत."

सातारा परिसरातल्या माणसाला यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही. मकरंदनं दुसऱ्याच दिवशी वेगळं खातं काढलं. मी मात्र इतकी वर्षं हेच सांगून काही उपयोग झाला नव्हता.

एक फोन तर आम्हा सगळ्यांच्या कायमचा लक्षात राहिला आहे. टँकर आलेला, काका एका हातानं ड्रममध्ये पाईप धरून उभे, दुसऱ्या हातात फोन. फोनवरचं त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "सर, आपका एटीएम कार्ड आज बंद हो जाएगा."

"होने दो ना भाई," काका म्हणाले. "इधर नल बंद है, बोअर बंद है, कूलर बंद है. कार्ड अकेला चालू रहके क्या करेगा?"

तो माणूस जरा गडबडला, पण मग त्यानं कार्डाचा नंबर मागितला. काकांनी त्याला खातं कोणतं, साहेब कोण, मागणीची स्लिप कुणाच्या सहीची, असं सगळं विचारून घेतलं. शेवटी तो वैतागून पिनवर आला. काका अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "वो तो मेरेकू मालूमच नै. घरवाली के पास है," आणि त्यांनी फोन काकूंपुढे धरला. काकूंनी त्याला गाव कोणतं, जेवलास का, आणि हे काम करतोस ते आईला ठाऊक आहे का, असं ओळीनं विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला फोन बंद झाला. आम्ही हसून लोळत होतो. काका हसले नाहीत. त्यांनी पाईप माझ्याकडे दिला आणि लगेच बँकेला फोन करून तो नंबर कळवला, कारण पुढचा फोन एखाद्या साध्या माणसाला जाणार होता.

कार्ड आणि आकडा या दोन चाव्यांचा खरा उपयोग झाला तो काकूंच्या भाच्याच्या वेळी. संदीप त्याचं नाव. त्याच्या वाटणीचा मोबदला मोठी गाडी, मोबाईल आणि मित्रांच्या जेवणावळींत कधीच विरघळला होता. आता त्याला प्लॉटिंगच्या धंद्यात उतरायचं होतं. तो आला तेव्हा मी तिथेच होते. तो काकांना म्हणाला, मामा, आत्याला कशाला त्रास, चार दिवस कार्ड आणि नंबर द्या, मी पैसे फिरवून परत आणतो. काका म्हणाले, नंबर मला ठाऊक नाही. संदीप हसला. काकांनी खंडोबाची शपथ घेतली तेव्हा त्याचं हसू गेलं आणि तो स्वयंपाकघराकडे वळला. आतून काकू म्हणाल्या, "आकडा हाय की. पण कार्ड नाय माझ्याकडं. ते यांना माग."

तो बिचारा बैठकीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बैठकीत हिंडला, चहा प्यायला, आणि गेला. त्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्याला रागावताही आलं नाही. तो गेल्यावर दोघं एकमेकांकडे बघून जे हसले, ते बघून मला त्यांचा हेवा वाटला.

आणि मग एका उन्हाळ्यात काकूंना लकवा मारला.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात आम्ही त्यांना गाडीतून नेलं. पैशांची अडचण अजिबात आली नाही. आजारपणासाठी काकांनी वेगळी रक्कम ठेवली होती, आणि खातं दोघांचं असल्यामुळे बँकेत जाऊन सही करून त्यांना हवे तेवढे पैसे काढता येत होते. त्या बाबतीत हा माणूस वेंधळा कधीच नव्हता. काकू घरी आल्या, हळूहळू काठी धरून चालू लागल्या, शब्दही परत आले, थोडे वाकडे, थोडे उशिरा. पण आकडे आले नाहीत. सात म्हणायचं तर तोंडातून पाच यायचं, तीन दाबायचं तर बोट नऊवर जायचं. "डोक्यात हाय," त्या मला रडत म्हणाल्या, "बोटात येत नाय."

त्यांनी मग सगळंच सोडून दिलं. वेणी घालू देईनात, दारात येऊन बसेनात. माझ्याशीही तोंड फिरवून पडून राहत. एकदाच म्हणाल्या, आता माझ्याकडे काही राहिलं नाही. मला ते ऐकून घरी येऊन रडू आलं.

मीरा पुण्याहून आली होती. ती शहाणी मुलगी, तिनं शहाणपणाचंच सांगितलं. बाबा, आईच्या मोबाईलवर मेसेज येईल, दोन मिनिटांत नवीन पिन करून घेऊ, तुम्ही लक्षात ठेवा, आईच्या डोक्याचा ताण जाईल. काका नाही म्हणाले. ती चिडली, मलाही मध्यस्थीला बोलावलं. खरं सांगायचं तर मलाही तिचंच पटत होतं. हा हट्ट आता कुणासाठी, असं मी काकांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "ताई, आकडा तिचा हाय. तिनं सोडला तर ती सोडील. म्या कसा काढून घेऊ?"

मीरा परत गेली. काकांनी माळ्यावरून जुना बटणांचा टेलिफोन काढला. त्याची वायर कधीचीच तुटलेली. पुसून-बिसून तो त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणालीच होती की डाव्या हाताच्या बोटांना काम द्या. मी एकदा दुपारी आमटी घेऊन गेले तर दार उघडंच होतं. काकू पलंगावर भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर तो मुका टेलिफोन, आणि डाव्या हाताच्या एका बोटानं त्या एकेक बटण शोधत होत्या. आणि काका? काका त्याच खोलीत, स्टुलावर, त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते. घरात दुसरं कुणी नाही. टेलिफोन बंद. पण आकडा म्हणजे आकडा. माझी चाहूल लागली तसं न वळताच म्हणाले, "ताई, जरा भायेर थांबा. तिचं चालूय."

मी बाहेर थांबले. हातात गरम आमटीचं पातेलं, डोक्यावर ऊन, आणि हसावं की काय करावं ते कळेना.

पावसाळा आला, म्हणजे कॅलेंडरवर आला. त्या सुमाराला काकांनी मला विचारलं, एटीएमपर्यंत गाडीतून सोडाल का, स्कूटरवर तिला बसवत नाही. काकूंना त्यांनी कसं तयार केलं ते मला माहीत नाही. त्या नवी साडी नेसल्या होत्या. काकांनी नेहमीप्रमाणे मशीन हलवून, वाकून तपासलं. खिशातून कार्ड काढून काकूंच्या डाव्या हातात दिलं, आणि वळले. एटीएमचा एसी बंद होता, म्हणून वॉचमननं दाराला वीट लावून ते उघडं ठेवलेलं. मी दाराशीच उभी होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं, आणि समोर होता तो काकांचा चेहरा.

पहिल्यांदा चुकलं. मशीननं कार्ड परत दिलं. काकूंनी पुन्हा घातलं. पदर धरायला उजवा हात उठत नव्हता म्हणून त्या मशीनवर पूर्ण वाकल्या होत्या. दुसऱ्यांदा चुकलं. आता आणखी एकदा चुकलं की कार्ड बंद होणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. माझ्यामागे दोन माणसं येऊन थांबली होती.

काकूंचं रडं आधी ऐकू आलं, मग शब्द. "तुमी बघा," त्या म्हणाल्या. "फिरा इकडं. मी सांगते, तुमी दाबा. मला नाय होत आता."

काका वळले नाहीत. त्यांचा आवाज स्टोअरच्या खिडकीतून बोलल्यासारखा सरळ आणि कोरडा होता. "मला नको सांगू."

"आवं, पण मी न्हाय ऱ्हायले तर?" काकू म्हणाल्या. "तुमाला ठाऊक नको?"

"तू हायेस तवर मला त्याचं काम नाय," काका म्हणाले. "आन् तू नसलीस तर तो आकडा घेऊन म्या काय करू? कुणासंगं येऊ इथं?"

एवढं बोलताना आवाज कुठेही हलला नाही. पण चेहरा माझ्याकडे होता. काकूंना पाठ दिसत होती, ताठ, नेहमीसारखी. आणि इकडे या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गालांवरून थेट हनुवटीवर येत होतं आणि ते पुसायला त्यांनी मागे बांधलेले हात सोडले नव्हते, कारण हात हलले असते तर तिला कळलं असतं. मी त्यांना स्टोअरचा नियम पाळणारा विक्षिप्त म्हातारा समजत आले होते. ते या बाईशिवायचा एक दिवसही मोजायला तयार नव्हते, एवढंच होतं ते. आकडा माहीत करून घेणं म्हणजे त्या दिवसाची तयारी करणं, आणि ती तयारी सोडून बाकी सगळ्या तयाऱ्या त्यांनी केलेल्या होत्या.

"आज नाय जमलं तर घरी जाऊ," ते पुढे म्हणाले. "कार्ड बंद पडलं तर उद्या चालू व्हईल. परवा येऊ. आपल्याला कुठं घाई हाय?"

मागचा एक माणूस काहीतरी पुटपुटला. मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला.

मग कार्ड आत गेल्याचा आवाज आला. एक बटण. मग खूप वेळानं दुसरं. काकू ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. तिसरं. चौथं बटण दाबलं, पडद्यावरची रक्कम निवडल्याचा आवाज आला, आणि मग आतून नोटा सरकल्याची ती खरखर सुरू झाली.

"आल्या," काकू म्हणाल्या. लहान मुलीसारखा आवाज होता. "आवं, आल्या."

काका लगेच वळले नाहीत. त्यांनी हात सोडले, खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, नाक पुसलं, चष्मा पुसला, रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग ते वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पावती घेतली का?"